जिवाणूतला अणू आणि कांदळाचे पान

जून २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एका नव्या जिवाणूचे वर्णन छापून आले आणि मराठीतला एक चांगला रुळलेला शब्द पेचात सापडला. हा जिवाणू कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटांवर, खारफुटीच्या दलदलीत राहतो. झाडावरून गळून पाण्यात बुडालेल्या, कुजायला लागलेल्या पानांवर त्याचे पांढरे धागे दिसतात. ‘दिसतात’ हे अगदी शब्दशः घ्यायचे. एकेका धाग्याची लांबी सरासरी एक सेंटिमीटर, क्वचित दोन. सूक्ष्मदर्शकाची गरज नाही; बारीक चिमट्याने धागा पानावरून उचलता येतो. ऑलिव्हिए ग्रो या जीवशास्त्रज्ञांना २००९ मध्ये हे धागे पहिल्यांदा दिसले, तेव्हा ही बुरशी असावी असेच त्यांना वाटले होते. पुढे कळले की प्रत्येक धागा म्हणजे एकच पेशी आहे आणि ती जिवाणूची आहे. नेहमीचा जिवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, फार तर त्याच्या दुप्पट-तिप्पट. हा त्याच्या हजारो पटींनी लांब.

आता पेच असा, की आपल्या ‘जिवाणू’ या नावातच अणू बसला आहे. जीव अधिक अणू, म्हणजे अतिशय बारीक जीव. डोळ्यांना न दिसणे हीच त्याची ओळख म्हणून नाव ठेवताना धरली गेली. मग जो डोळ्यांना दिसतो, बोटाच्या पेरावर ठेवता येतो, त्याला जिवाणू म्हणायचे की नाही? शास्त्रज्ञांना हा प्रश्न पडत नाही, कारण त्यांची व्याख्या आकारावर उभी नाही. पेशीला खरे केंद्रक नसणे, आनुवंशिक द्रव्याची मांडणी, वंशावळ यांवर ती ठरते. प्रश्न पडतो तो शब्दांकडे पाहणाऱ्याला. त्याचे उत्तर शोधताना कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडाच्या, पानापासून त्याच्या बीपर्यंत बरेच शब्द भेटतात.

आधी अणू. शाळेत आपण शिकलो की ‘ॲटम’ म्हणजे अणू आणि ‘मॉलिक्यूल’ म्हणजे रेणू. सीमा ओलांडून हिंदीत गेले की घोटाळा होतो: तिथे ‘ॲटम’ म्हणजे परमाणु आणि ‘मॉलिक्यूल’ म्हणजे अणु. एकाच संस्कृत शब्दाला दोन शेजारणींनी दोन पायऱ्यांवर बसवले आहे. मुळात वैशेषिकांच्या तत्त्वज्ञानात आणखी तुकडे न होणारा तो परमाणू, आणि ‘अणु’ हे आधी एक साधे विशेषण होते. अणु म्हणजे बारीक, सूक्ष्म. तुकोबांच्या अभंगाने ‘अणुरेणू’ ही जोडी महाराष्ट्राच्या तोंडी बसवली, ती रसायनशास्त्राच्या पुस्तकांच्या कितीतरी आधी.

पण या शब्दाचा एक विसरलेला अर्थ आहे. वेदकाळात ‘अणु’ हे एका धान्याचे नाव होते. रुद्राच्या पाठोपाठ जे चमक म्हणतात, त्यात यजमान देवाकडे जी धान्ये मागतो, त्या यादीत तांदूळ, जव, उडीद, तीळ यांच्या बरोबरीने अणूही आहेत. वरीच्या जातीचे बारीक धान्य असा त्याचा अर्थ कोशकार देतात. पाणिनीने तर कुठले पीक ज्यात येते त्या शेताला काय म्हणावे याचा नियम सांगताना तीळ, उडीद यांच्या रांगेत अणू बसवला आहे: अणूचे शेत ते ‘अणव्य’ किंवा ‘आणवीन’. म्हणजे सूक्ष्मतेचे परिमाण होण्याआधी, किंवा झाल्यावरही, अणू हे सुपात घेऊन पाखडता येणारे, डोळ्यांना दिसणारे बी होते. वरीचा दाणा दोन-अडीच मिलिमीटरचा. ग्वादलूपच्या पानावरचा जिवाणू त्याच्या चौपट लांब भरतो. वेदकालीन शेतकऱ्याच्या मापाने पाहिले तर हा जिवाणू अणूपेक्षा मोठा झाला, एवढेच.

युरोपातल्या नावाची कथा वेगळी आहे. तिथे नाव मापावरून पडले नाही, आकारावरून पडले. ग्रीक भाषेत ‘बाक्तेरिऑन’ म्हणजे लहानशी काठी. जर्मन शास्त्रज्ञ एरेनबेर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या कांडीसारख्या जिवांना ‘बॅक्टेरियम’ म्हटले; त्याचे अनेकवचन बॅक्टेरिया. पुढे १८७२ मध्ये फर्डिनांड कोन यांनी एका गटाला ‘बॅसिलस’ नाव दिले. त्याचाही अर्थ लॅटिनमध्ये छोटी काठीच. गोल जिवाणू सापडले, मळसूत्री सापडले, स्वल्पविरामासारखे वाकडे सापडले, तरी सगळ्या कुळाचे नाव काठीच राहिले. मराठीने हे नाव भाषांतर करून घेतले नाही, हे बरे झाले. नाहीतर आपण आज गोल काठ्या आणि वाकड्या काठ्या असे काहीतरी शिकत बसलो असतो.

त्याहून जुने नाव आणखी गोड आहे. डेल्फ्टचे अंतोनी व्हान लेव्हेनहूक १६७६ मध्ये मिरी पाण्यात भिजत घालून ते पाणी आपल्या भिंगाखाली पाहत होते. मिरी तिखट का लागते, याचे कारण तिच्या कणांच्या आकारात सापडेल अशी त्यांची अटकळ होती. तिखटपणाचे कारण सापडले नाही, पण पाण्यात वळवळणारे जीव सापडले. त्यांना त्यांनी डच भाषेत ‘लहानगे प्राणी’ म्हटले. त्यांचे पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीत गेले आणि तिथे लॅटिन वळणाचे ‘ॲनिमलक्यूल’ तयार झाले. जिवाणूंची जगाशी पहिली ओळख झाली ती या प्रेमळ नावाने, आणि मिरीच्या पाण्यातून.

आपल्याकडे मात्र त्यांची ओळख झाली ती ‘जंतू’ या नावाने, आणि त्यात प्रेम नव्हते. हा शब्द बिचारा निष्पाप आहे. ‘जन्’ म्हणजे जन्मणे या धातूपासून आलेला. जो जन्मला तो जंतू. भगवद्गीतेच्या पाचव्या अध्यायात ‘जंतू’ म्हणजे तुम्ही-आम्ही माणसेच आहोत, अज्ञानाने मोहात पडणारी. ‘जीवजंतू’ या जोडीत तो अजून त्या जुन्या अर्थाने उभा आहे. पण पोटात झाले ते जंत, जखमेत गेले ते जंतू, दवाखान्यात उकळून घेतली ती उपकरणे निर्जंतुक. रोगाने हा शब्द कायमचा आपल्याकडे ओढून घेतला. मराठी विश्वकोशाच्या जुन्या खंडांत बॅक्टेरियाला ‘सूक्ष्मजंतू’ म्हटले आहे. शास्त्रदृष्ट्या त्यात चूक काही नाही, पण शब्द कानावर पडला की हात धुवावेसे वाटतात.

‘जिवाणू’ला ही बाधा झाली नाही. त्याच्या घडणीची जोडी लावायची तर ‘विषाणू’शी लागते. लॅटिन ‘व्हायरस’ म्हणजे विषच. दोन्ही शब्द एकाच आद्य भाषेच्या घरातले. तंबाखूच्या पानांवरच्या रोगाचे कारण जिवाणूंपेक्षाही बारीक आहे हे दाखवून १८९८ मध्ये मार्टिनस बायेरिंक या डच शास्त्रज्ञाने ‘व्हायरस’ला आजचा अर्थ दिला. आपण विषाला अणू जोडून विषाणू केला आणि जिवाला अणू जोडून जिवाणू केला. एकात विष आहे, दुसऱ्यात जीव. नावे ठेवणाऱ्यांनी नकळत केवढा न्याय केला आहे! कारण जिवाणूंपैकी रोग करणारे मूठभर, बाकीचे जगाचे कामकाज चालवणारे.

आणि हा न्याय पहिल्यांदा ओळखला तो शेतकऱ्याने. कोशातला हा शब्द महाराष्ट्राच्या खेड्यात पोहोचला तो ‘जिवाणू खत’ आणि ‘जिवाणू संवर्धक’ या पाकिटांवर बसून. पेरणीच्या दिवशी सकाळी सोयाबीन, तूर, हरभरा असे बियाणे ताडपत्रीवर पसरायचे. गुळाचे पाणी उकळून गार करायचे, त्यात रायझोबियम या जिवाणूंची काळपट भुकटी कालवायची आणि तो लगदा बियाण्याला हलक्या हाताने चोळायचा, साल निघणार नाही असा. दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे पाकीट. मग सावलीत सुकवायचे आणि लगेच पेरायचे. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू सगळ्यांत शेवटी, हा क्रम आता गावागावांत पाठ आहे. ‘कल्चर लावलं का?’ असे एक विचारतो आणि दुसरा ‘जिवाणू चोळलेत’ असे सांगतो. मुळांच्या गाठींतले हे जिवाणू १८८८ मध्ये वेगळे काढून वाढवणारा माणूस तोच बायेरिंक. बियाण्यावर जिवाणू बसवायचा असतो, तो तिथे शोभतो, हे या शब्दाने शेतात शिकवले. रोगाशी नाते नसलेला ‘जिवाणू’ तिथे रुळला.

आता ज्या झाडाच्या पानांवरून ही गोष्ट निघाली, त्याच्या नावांकडे वळू. ‘मॅन्ग्रोव्ह’ हा शब्द इंग्रजांनी स्पॅनिश-पोर्तुगीजांकडून घेतला. स्पॅनिशमध्ये ‘मांग्ले’, पोर्तुगीजमध्ये ‘मांगे’; आणि त्यांनी तो बहुधा कॅरिबियन बेटांच्या मूळ रहिवाशांकडून उचलला. सतराव्या शतकात इंग्रजीत तो ‘मॅन्ग्रो’ असा आला आणि शेवटी ‘ग्रोव्ह’ म्हणजे झाडांची राई हा ओळखीचा शब्द त्याच्या शेपटीला चिकटला. परक्या शब्दाला आपल्या ओळखीचा आकार देण्याची लोकांची ही जुनी खोड. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने मात्र एका जातीच्या नावात मूळ रूप जपले: रायझोफोरा मांग्ले. त्या सेंटिमीटरभर जिवाणूची पाने याच झाडाची. शब्द आणि जिवाणू दोन्ही एकाच समुद्रातून आले.

आपला ‘कांदळ’ मात्र इकडच्या समुद्रातला आहे, आणि त्याची कथा जास्त रंजक. केरळात या झाडांना ‘कंडल’ म्हणतात. डचांच्या ताब्यातल्या कोचीनचे गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे यांनी तिथल्या वनस्पतींचा ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात कंडलाच्या निरनिराळ्या जाती मल्याळी नावांनी आल्या. त्यांतली एक ‘चेरुकंडल’, म्हणजे लहान कंडल. लिनियसने १७५३ मध्ये त्यावरून एका जातीला ‘कांडेल’ म्हटले आणि १८३४ मध्ये या झाडाची वेगळी प्रजाती मानली गेली तेव्हा ती ‘कांडेलिया’ झाली. किनाऱ्यावरच्या माणसांच्या तोंडातले नाव असे थेट वनस्पतिशास्त्राच्या लॅटिनमध्ये जाऊन बसले.

या ग्रंथात मराठी वाचकाने थांबून पाहावे असे एक पान आहे. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्यही या कामावर होते. त्यांचे १६७५ सालचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोकणीत, नागरी लिपीत छापले आहे. झाडांच्या चित्रांवरही नागरी अक्षरांत नावे आहेत. तिकडे डेल्फ्टमध्ये एक डच माणूस मिरीच्या पाण्यात जिवाणू पाहत होता, इकडे कोचीनमध्ये दुसरा डच माणूस कोकणी वैद्यांकडून झाडांची नावे लिहून घेत होता. दोन्ही कामे एकाच दशकातली. जिवाणू आणि कांदळ यांची पानावरची गाठ पडायला मात्र अजून तीनशे वर्षे लागायची होती.

संस्कृतात ‘कंदल’ म्हणजे नवा कोंब. झाडावरच कोंब फुटणाऱ्या कांदळाला हा अर्थ इतका चपखल बसतो की लगेच व्युत्पत्ती सांगून मोकळे व्हावेसे वाटते. पण दोन शब्द सारखे दिसणे म्हणजे त्यांचे रक्ताचे नाते असणे नव्हे. साम्याची नोंद करावी आणि पुढे जावे.

‘खारफुटी’त असा मोह नाही, खार म्हणजे क्षार, खारे पाणी, खारी जमीन, आणि तिथे फुटते ती खारफुटी. शब्द उघडा आहे. सरकारदरबारी ‘कांदळवन’ चालते. २०१२ मध्ये राज्याच्या वनविभागात स्थापन झालेला कक्षही कांदळवन कक्षच. पण खाडीकाठच्या माणसाला एवढ्याने भागत नाही, कारण त्याला सरपण, कुंपण, होडी, मासे यांसाठी एकेक झाड वेगळे ओळखावे लागते. त्याच्याकडे तिवर आहे, कांदळ आहे, चिपी आहे, काजळा आहे, मारांडी आहे. ही नावे कामातून आली. पुस्तकातली काही नावे माणसांवरून आली: तिवराला ‘अविसेनिया’ म्हणतात ते इब्न सिना या हकिमावरून, चिपीला ‘सोनेरेशिया’ म्हणतात ते पिएर सोनेरा या फ्रेंच प्रवाशावरून. महाराष्ट्राने २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्याचा कांदळवृक्ष ठरवले, तेव्हा बातम्यांत ‘चिपी’ हा शब्द अनेकांनी पहिल्यांदा वाचला. खाडीकाठी तो कित्येक पिढ्या वापरात होता.

तिवराचे पान उलटे करून जिभेला लावले तर खारट लागते. मुळांतून आलेले जास्तीचे मीठ हे झाड पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकते. कोरड्या दुपारी ते पानावर पांढरट दाण्यांसारखे चमकते. कांदळ हे करत नाही, तो बहुतेक मीठ मुळांशीच अडवतो. या ‘मीठ’ शब्दाचीही एक गंमत आहे. तो ‘मिष्ट’पासून आला, हिंदीत त्याच शब्दाचा ‘मीठा’ झाला, म्हणजे गोड. चव आणते ते मिष्ट, हा जुना अर्थ एकाने साखरेला दिला आणि दुसऱ्याने मिठाला.

असे खारट, मेणचट, उन्हाने तापणारे, भरतीच्या तुषारांनी भिजून पुन्हा वाळणारे पान ही जिवाणूंची राहण्याची जागा. साधारण कुठल्याही पानावर दर चौरस सेंटिमीटरला दहा लाख ते एक कोटी जिवाणू असतात. पण कोणते, ते झाड ठरवते. ब्राझीलमध्ये तीन खारफुटी झाडांची पाने तपासली, तेव्हा झाडाच्या जातीगणिक पानावरची वस्ती वेगळी निघाली. चिखल तोच, वारा तोच, तरी प्रत्येक झाडाची माणसे वेगळी.

ही वस्ती डोळ्यांना दाखवण्याची एक सोपी रीत प्रयोगशाळांत आहे. पान तोडून बशीतल्या आगरच्या, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीच्या, गार थराला हलकेच दाबायचे, उचलून घ्यायचे आणि बशी झाकून ठेवायची. काही दिवसांनी त्या थरावर पानाचा ठसा उगवतो, अनेकदा गुलाबी. कडा, शिरा, मधली जाड शीर, सगळे गुलाबी ठिपक्यांनी रेखलेले. हे ठिपके ‘मेथिलोबॅक्टेरियम’ या जिवाणूंचे. पान वाढताना त्याच्या पेशीभित्तींतून थोडे मिथेनॉल सुटते आणि रंध्रांतून बाहेर पडते. त्यावर हे जगतात. त्यांचा रंग त्यांना उन्हापासून सांभाळतो. पान आपला उच्छ्वास टाकते, आणि त्यावर कुणाचे तरी पोट चालते.

पानावरच्या या जगाला इंग्रजीत ‘फायलोस्फिअर’ म्हणतात. १९५० च्या दशकाच्या मध्यावर एफ. टी. लास्ट आणि याकोबा राउनेन यांनी हा शब्द वापरात आणला. इंडोनेशियात काम करणाऱ्या राउनेन यांनी १९५६ मध्ये उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या पानांवर हवेतला नत्र बांधणारे जिवाणू असल्याचे ‘नेचर’मध्ये लिहिले. त्या जिवाणूंचे नाव ‘बायेरिंकिया’. गाठींतल्या जिवाणूंचा आणि विषाणूचा बायेरिंक इथेही भेटतोच. त्याआधी १९०४ मध्ये लोरेन्झ हिल्टनर यांनी मुळांभोवतालच्या मातीला ‘रायझोस्फिअर’ म्हटले होते. बियाभोवतीच्या थराला पुढे ‘स्पर्मोस्फिअर’ हे नाव पडले.

याला मराठी शब्द कोणता? भूगोलात ‘स्फिअर’साठी आपण ‘आवरण’ वापरतो: वातावरण, जलावरण, शिलावरण, जीवावरण. त्या चालीवर ‘पर्णावरण’ सहज होतो. पण तो छापायला दिला की कुणीतरी सुधारून ‘पर्यावरण’ करणार, आणि दहातले नऊ वाचकही तसाच वाचणार. बियासाठी ‘बीजावरण’ करावा तर तो शब्द आधीच बियाच्या सालीला दिलेला आहे. दुसऱ्या झाडावर नुसता आधारापुरता वाढणाऱ्या वनस्पतीला मराठी वनस्पतिशास्त्र ‘अपिवनस्पती’ म्हणते. ही घडण मात्र देखणी आहे, कारण ग्रीक ‘एपि’ आणि संस्कृत ‘अपि’ हे खरोखरचे भाऊ आहेत. म्हणून पानावरच्या जिवाणूंना ‘अपिजिवाणू’ म्हणावे काय? म्हणता येईल. पण ऐकणारा ‘म्हणजे काय?’ विचारील आणि आपण सांगू, ‘पानावरचे जिवाणू’. मग पहिल्यांदाच तसे का म्हणू नये?

पान गळून पडले की त्याचे दुसरे आयुष्य सुरू होते. त्यातले टॅनिन पाण्यात विरघळून जाते, मग जिवाणू आणि बुरशीसारखे जीव त्यावर चढतात. पान झिजत जाते आणि त्यातले प्रथिन मात्र प्रमाणात वाढते, कारण आता खाणाऱ्याच्या तोंडी नुसते पान जात नाही, पानावरची वस्तीही जाते. फ्लोरिडात ओडम आणि हील्ड यांनी १९७० च्या आसपास हे दाखवून दिले: तिथल्या खाडीतल्या खेकडे, कोळंबी, लहान मासे यांचे अन्न या कुजक्या पानांपासून सुरू होते. खारफुटी तोडली की मासळी का घटते, हे कोळ्याला कुणी सांगावे लागत नाही. त्याचे कारण या पानावर आहे.

चिखलात प्राणवायू नसतो, तिथे दुसरे जिवाणू गंधकाची संयुगे वापरून जगतात आणि कुजक्या अंड्याचा वास सोडतात. खाडीच्या चिखलाचा वास तो हाच. ‘गंधक’ या नावातच गंध आहे, आणि तो काही सुगंध नव्हे. पेचात टाकणारा आपला जिवाणू हा वासाचा वायू खाऊन जगतो. गंधकाचे कण त्याच्या अंगात साठतात, म्हणून तो पांढरा दिसतो. त्याचे नाव ‘थायोमार्गारिटा मॅग्निफिका’. ग्रीकमध्ये ‘थेइऑन’ म्हणजे गंधक आणि ‘मार्गारितेस’ म्हणजे मोती. नामिबियाच्या समुद्रतळाशी १९९७ मध्ये याचा लहान भाऊबंद सापडला होता, तो मोत्यांच्या माळेसारखा दिसे. त्यावरून प्रजातीचे नाव पडले, गंधकमोती. नव्याला ‘भव्य’ हे विशेषण जोडले.

या भव्य पेशीचा बराचसा भाग पाणथळ पोकळी आहे. जिवंत द्रव्य कडेच्या पातळ थरात आहे आणि त्यात आनुवंशिक द्रव्य लहान लहान पिशव्यांत ठेवलेले आहे. कलिंगडाच्या गरात बिया विखुरलेल्या असतात तसे ते दिसले, म्हणून शास्त्रज्ञांनी त्या पिशव्यांना फ्रेंच शब्द दिला, ‘पेपँ’, म्हणजे फळातली बी. पानावर जिवाणू, आणि जिवाणूच्या पोटात बिया. जुना ‘अणु’ही बीच होता हे आठवले, की नाव चुकले असे म्हणवत नाही.

आणि खुद्द कांदळाची बी? तिला बी म्हणणे जड जाते. कांदळाची बी झाडावरच रुजते. फळातून हिरवा कोंब बाहेर पडतो, शेंगेसारखा लांब होतो, काही जातींत दीड-दोन फूट, आणि मग सुटून पाण्यात पडतो. तिवरात कोंब फुटतो पण फळाच्या आत लपून राहतो. आपल्या परंपरेने जिवांच्या चार खाणी मानल्या: वारेतून जन्मणारे जरायुज, अंड्यातून अंडज, घामातून-ओलीतून स्वेदज, जमीन फोडून येणारे उद्भिज्ज. ऐतरेय उपनिषदात ही चौकडी आहे आणि संतवाङ्मयात ती घरचीच आहे. फक्त तिथे ‘जरायुज’चे ‘जारज’ झाले, आणि जाराचे मूल म्हणजे अनौरस संतती असा अर्थ असलेल्या दुसऱ्या ‘जारज’शी त्याची गल्लत होते. पोथी वाचताना हे ध्यानात ठेवावे.

या वाटणीत झाडे उद्भिज्ज. पण कांदळ जमीन न फोडता आईच्या अंगावर वाढून जन्मतो, म्हणजे वागतो जरायुजासारखा. त्याच्या पानावरचे जीव जुन्या माणसांनी पाहिले असते तर ओलीतून आपोआप उपजलेले स्वेदज म्हणून मोकळे झाले असते. तसे ते उपजत नाहीत. झाडाच्या बियांवर जिवाणू असतात. काही हवा-पाण्यातून येतात, काही आईच्या झाडाकडून. कांदळाचा कोंब तर महिनोन्‌महिने पानांच्या गर्दीतच लोंबतो, आणि समुद्रात उडी घेतो तेव्हा एकटा नसतो. सोयाबीनच्या बियाला आपण जे गुळाच्या पाण्याने चिकटवतो, ते कांदळाला आईकडून आयते मिळते.

एवढ्या शब्दांची झडती घेतल्यावर निकाल काय? एक, ‘जिवाणू’ कायम. एका सेंटिमीटरच्या अपवादाने शब्द बाद होत नाही, आणि त्यातला अणू तसाही धान्याचा दाणा होता. दोन, शब्द कोशात ठेवून रुळत नाही, कामाला लावून रुळतो. ‘कांदळ’ सरपण आणणाऱ्यांनी आणि कोळ्यांनी रुळवला, ‘जिवाणू’ पेरणी करणाऱ्यांनी. ज्या दिवशी पानावरच्या जिवाणूंशी कुणाचे रोजचे काम पडेल, त्या दिवशी त्यांना नवा शब्द तो माणूसच देईल. तोवर ‘पानावरचे जिवाणू’ आणि ‘बियावरचे जिवाणू’ हे पुरेसे आहेत, आणि सहावीतल्या मुलालाही कळतात.

पाठ्यपुस्तके आणि बातम्या लिहिणाऱ्यांना मात्र एक विनंती. रोगाचे बोलत असाल तर खुशाल ‘जंतू’ म्हणा, बाकी सगळीकडे ‘जिवाणू’ लिहा. आणि खाडीवर गेलात तर ‘मॅन्ग्रोव्हची एक जात’ असे लिहून परत येऊ नका. तिथल्या माणसाला झाडाचे नाव विचारा आणि तिवर, कांदळ, चिपी, काजळा जे सांगेल ते तसेच छापा.